रिकाम्या खाचेचा होकार

तोंडात ब्रश होता म्हणून तो ओरडला नाही. नसता तरी ओरडला नसता, कारण ओरडणं त्याच्या रक्तात नव्हतं. डाव्या हातात फोन आणि उजव्या हाताने दाढा, असं रोजचं टपालवाचन चाललं होतं, आणि त्या टपालात त्याला स्वतःचं नाव दिसलं. एकदा नव्हे. बारा पॅचची मालिका होती, आणि प्रत्येक पॅचच्या पायथ्याशी, 'तपासलं' या शब्दापुढे, त्याचं नाव लागलेलं होतं. इमारतीच्या नोटिशीखाली न विचारता सगळ्या बिऱ्हाडांची नावं घालतात, तसं. फेस हनुवटीवरून मनगटावर आणि मनगटावरून बाहीत उतरला. दुसऱ्या पॅचला आपण होकार दिला होता हे त्याला चांगलं आठवत होतं. बाकीचेही कमीअधिक आठवत होते. सातवा आठवत नव्हता. तो डोळ्यांखालून गेला होता हे खरं. पण डोळ्यांखालून तर बसच्या खिडकीतून अख्खं शहर जातं.

तो कर्नेलचं काम करी. कर्नेल म्हणजे यंत्राच्या पोटातला असा भाग, जो कुणाला दिसत नाही आणि ज्यावाचून कुणाचं चालत नाही. घरोघरी असं एखादं माणूस असतंच. सासऱ्यांचा बरीच वर्षं समज होता की जावई सैन्यातल्या कुणा कर्नलच्या हाताखाली आहे, आणि लग्नाला त्यांनी मान डोलावली ती त्याच भरवशावर. खरं काम याहून बरंच फिकं होतं. जगभरातली माणसं कर्नेलमध्ये बदल सुचवत, त्या बदलांना पॅच म्हणत, ते सगळ्यांना दिसतील असे एका टपालयादीवर येत, आणि त्याच्यासारखे लोक ते वाचून, हुज्जत घालून, शेवटी खाली आपलं नाव लावत. मग एक कारभारी (हे त्याच्या मनातलं नाव, त्या गृहस्थाचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं) खालची नावं बघून पॅच उचली आणि मुख्य झाडात, म्हणजे कर्नेलच्या मूळ प्रतीत, घाली. तिथून तो बदल हळूहळू दवाखान्यांतल्या, पेढ्यांतल्या, विमानतळांवरच्या यंत्रांत झिरपे. आणि नाव तिथे कायमचं राही, माणूस गेला तरी. हे त्याने एकदा बायकोला जरा फुशारकीने सांगितलं होतं, तर ती म्हणाली होती की थडग्यावरचंही राहतंच की.

ऑफिसात त्याला चाळणी म्हणत. तोंडावर कौतुकाने, आणि पाठ वळली की 'चाळणी म्हणते सुईला' ही म्हण पुरी करून. कोडमधली उगाच सुटलेली मोकळी जागा, फसवं नाव, लांबलेली ओळ त्याच्या हातून निसटत नसे. आणि या धंद्यातली गोम त्याला इतक्या वर्षांनी, तोंडात फेस असताना, लख्ख कळली: जो खडे वेचतो त्याला साप दिसलाच असणार, असं लोक धरून चालतात. दुसऱ्या पॅचमधलं एक फसवं नाव त्याने दाखवलं होतं, आणि 'तेवढं सुधारलंत की माझं नाव लावायला हरकत नाही' असं लिहिलं होतं. पण लिहिलं ते दुसऱ्या पॅचखाली नव्हे, तर मालिकेच्या तोंडी प्रास्ताविक असतं त्याखाली. प्रास्ताविकाखालचा होकार म्हणजे सगळ्या गोतावळ्याला होकार. ही रीत त्याला ठाऊक नव्हती असं नाही. नवख्यांना तोच ती शिकवी. पॅच पाठवणाऱ्या बाई दूरच्या कुठल्या देशातल्या, कमालीच्या सभ्य. त्यांनी ते एक नाव बदललं, मनापासून आभार मानले आणि त्याचं नाव सगळीकडे लावून टाकलं. त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही हेच केलं असतं. खाली कारभाऱ्याची एका ओळीची पोच होती: उत्तम, आज संध्याकाळी ही मालिका उचलतो.

बायकोने दारावर टिचकी मारून विचारलं, आत मुक्काम करायचा बेत आहे का. बाहेर आल्यावर तिने त्याच्या बाहीकडे पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. तो काही नाही म्हणाला. ती म्हणाली, तुझं 'काही नाही' मला पाठ आहे, त्याला तीन-चार पदर असतात. त्याला सांगावंसं वाटलं, पण सांगायचं काय? माझं नाव लागलंय? लोक नाव व्हावं म्हणून जीव टाकतात.

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली, त्यामुळे काळजी करायला ऐसपैस वाव मिळाला. सातवा पॅच. तो उघडला होता तेव्हा दुपार होती, समोर डबा उघडा होता, आणि कानाशी फोन. फोनवर आई होती. रोज जेवणाच्या सुट्टीत तो आईला फोन करी. शहराच्या दुसऱ्या टोकाला ती एकटी राहत होती, आणि एकट्या आईला रोज फोन करणारा मुलगा म्हणून नातेवाइकांत त्याचा लौकिक होता. फोनचा मजकूर ठरलेला. जेवलीस? हो. औषध घेतलंस? हो. दार नीट लावतेस? हो, हो. पाय दुखतोय अजून? हो. बरं, ठेवू? एकदा हे ऐकून बायको म्हणाली होती, आईशी बोलतोस की हजेरी घेतोस. त्याला ते लागलं होतं. म्हणून पुढे तो फोन ऑफिसातून करू लागला. हजेरी घेता घेता एक बोट पडदा वर सरकवत राही, आणि त्या दिवशी त्या बोटाखालून सातवा पॅच सरकून गेला. 'पाय दुखतोय अजून' या प्रश्नाला आई 'हो' म्हणाली होती, आणि आपण 'बरं' म्हणालो होतो, हेही त्याला आत्ता आठवलं. पण ते त्याने बाजूला सारलं, कारण माणसाने एका वेळी एकच काळजी करावी, नाहीतर दोन्हींचा विचका होतो.

आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. ऑपरेटर. लहानपणी कधीमधी तो तिच्या कामाच्या जागी जाऊन बसे: उंच, गार खोली, भिंतभर भोकं, भोकांत दोऱ्या, आणि रांगेने बसलेल्या बायका, कानाला यंत्र लावलेल्या, सगळ्या एकाच सुरात 'बोला' म्हणणाऱ्या. आईचा कान खात्यात वाखाणलेला होता. खरखरीतून पलीकडचा नुसता श्वास ऐकून ती सांगे की माणूस आहे, पण बोलत नाहीये, रडतोय. घरीही तसंच. बिस्किटाच्या डब्याचं झाकण त्याने श्वास रोखून उघडलं तरी पलीकडच्या खोलीतून आवाज येई, 'एकच घे'. त्या कानांपासून लपून काही करणं हे त्याच्या बालपणीचं एकमेव साहस, आणि ते सदोदित फसलेलं. अजूनही ती फोन पहिल्या घंटीला उचले. दुसरी वाजू देत नसे. वयाच्या मानाने केवढी तरतरी, असं तो लोकांना सांगत असे.

लिफ्टमध्ये साहेब भेटले. ते म्हणाले, "नाव पाहिलं तुमचं. म्हणजे आपला बोर्ड आता वेळेत जाणार." कंपनीने नव्या मानकाचा बोर्ड, म्हणजे यंत्राचा मूळ सर्किटपट, तयार करून ठेवला होता, अडलं होतं ते कर्नेलपाशी, याच बारा पॅचसाठी. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो मजला येईपर्यंत तिथेच ठेवला. हात जड नव्हता, पण काढेपर्यंत त्याला तो सबंध वेळ कळत होता. काहीतरी म्हणायला हवं म्हणून तो हो म्हणाला. साहेबांनी आणखी काही विचारलं, त्यालाही हो म्हणाला, आणि लिफ्टचं दार मिटल्यावर त्याच्या ध्यानात आलं की काय विचारलं ते आपण ऐकलंच नाही.

मग त्याने सातवा पॅच वाचला. उशिरा सुचलेल्या शहाणपणाची एक वेगळीच एकाग्रता असते. शेजारच्या टेबलावरचे दोघे काय बोलत होते ते त्याला कळत नव्हतं. नवं मानक म्हणजे बोर्ड आणि त्याच्या खाचेत बसवलेलं कार्ड यांच्यातली बोलाचाली दुप्पट वेगाने व्हावी अशी व्यवस्था. एवढ्या वेगात शब्द कुठला आणि खरखर कुठली ते उमगत नाही, म्हणून दोन्ही टोकं आधी एकमेकांना जोखून घेतात. याला तालीम म्हणतात. तालीम झाली की कर्नेल कार्डाची विचारपूस करतो. प्रश्न ठरलेले, उत्तरं एक किंवा शून्य, म्हणजे हो किंवा नाही. जुन्या पद्धतीत या विचारपुशीआधी कर्नेल दोन गोष्टी करी: क्षणभर थांबे, आणि कार्डाला त्याचं नाव विचारी. बाईंनी दोन्ही काढलं होतं. कारण नीट लिहिलं होतं: नव्या मानकात तालीम पापणी लवायच्या आत आटपते, मग थांबायचं कशाला, आणि नाव पुढे केव्हातरी विचारलं जातंच. कोड सुबक होता. एकही खडा नव्हता. चाळणीतून तो पाण्यासारखा गेला असता, आणि गेलाच होता.

पण पलीकडे कुणी नसेल तर? उत्तर द्यायला कुणी नसेल तर शून्य येत नाही, हे या कामातलं पहिल्या दिवशी शिकायचं आणि जन्मभर विसरत राहायचं सत्य. रिकाम्या तारेवरून एक वाचला जातो. एक, एक, एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते एक. म्हणजे नसलेल्या कार्डाइतकं आज्ञाधारक कार्ड त्रिभुवनात नाही. नंदीबैलच तो. जोडणी झाली? हो. पूर्ण वेगात? हो. तयार आहेस? हो. बिघाड आहे का काही? यालाही हो, पण तो प्रश्न नव्या पॅचने विचारलाच नव्हता, आणि विचारला असता तरी इतक्या होकारांच्या गर्दीत तो कुणाच्या मनावर ठसला असता? म्हणून तर जुनी माणसं आधी नाव विचारत. सगळे एक, असं नाव कुठल्याच कार्डाला देत नाहीत. ज्याचं उत्तर नुसतं हो असूच शकत नाही, असा तो एक प्रश्न होता, आणि तोच गाळला गेला होता.

चाचणीच्या खोलीत पंख्यांचा आवाज इतका असे की तिथे माणसं खुणांनीच बोलत. त्याने बारा पॅच घातलेला कर्नेल चढवला, खाचेची वीज तोडली, कार्ड उपसून बाकावर ठेवलं आणि यंत्राला विचारपूस करायला सांगितलं. यंत्राने आढेवेढे घेतले नाहीत. पडद्यावर ओळ उमटली: जोडणी पूर्ण, पूर्ण वेग, तयार. त्याने खाचेकडे पाहिलं. खाच रिकामी होती, तिच्या तळाशी धुळीतला एक बारीक केस पडला होता. त्याने यंत्राला तिकडे मजकूर पाठवायला सांगितलं, आणि यंत्र पाठवत राहिलं, न कुरकुरता, पूर्ण वेगात, कुणालाच. तो पाहत राहिला. भीती वाटायला हवी होती ती त्या चुकीची. वाटत होती ती त्या सौजन्याची. इतक्या नम्रपणे कुणी नसू शकतं.

जागेवर येऊन त्याने टपालयादीसाठी दोन पत्रं लिहिली, पाठवायचं त्यातलं एकच. पहिलं असं की आज अधिक चाचणी करताना सातव्या पॅचमध्ये एक शंका आढळली आहे, तूर्त तो थांबवावा. हे पत्र खोटं नव्हतं. यात तो दक्ष दिसत होता. नाव लावल्यावरही पिच्छा न सोडणारा माणूस. दुसरं पत्र दोन ओळींचं: सातवा पॅच रिकाम्या खाचेला तयार समजतो. माझं नाव सगळीकडून काढावं, कारण हा पॅच मी वाचलाच नव्हता. हे खरं होतं, आणि ही टपालयादी सगळं जग वाचत होतं, आणि तिथलं लिखाण पुसता येत नव्हतं. पुढे जिथे जिथे चाळणीचं नाव लागेल तिथे कुणीतरी मनाशी म्हणेल, वाचलंय का पण यांनी? आणि मागची वर्षानुवर्षांची नावं? त्यांतली किती फोन कानाशी धरून लावलेली? त्याने हिशोब करायला घेतला आणि घाईघाईने सोडून दिला. साहेबांचा हात पुन्हा खांद्यावर आल्यासारखा वाटला. पहिलं पत्र जरा बरं लिहिलं गेलंय, असं त्याच्या मनाने घेतलं. एवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, आणि बोटांनी सवयीने आईचा नंबर लावला.

पहिल्याच घंटीला उचलला गेला.

जेवलीस? हो. औषध? हो, हो. दार लावलंस, वरची कडी, खालची कडी, सगळं? हो. प्रत्येक प्रश्नानंतर ती नेमकी तेवढीच थांबत होती, ना कमी ना जास्त. ऑपरेटरची सवय, त्याला नेहमी वाटे. आज ते थांबणं त्याला ऐकू आलं. 'जेवलीस' एका शब्दाचा प्रश्न. दाराबद्दल तर त्याने आज लांबण लावली होती, वरची कडी, खालची कडी. दोन्हींनंतर एकच थांबणं, आणि दाराच्या वेळी तर त्याचा शेवटचा शब्द आणि तिचा होकार एकमेकांवर आदळले होते. डब्याचं झाकण त्याच्या हातात होतं. ते त्याने खाली ठेवलं, हळूच, आवाज होऊ न देता, जणू तिला तो ऐकू गेला असता.

"आई, आत्ता कुठल्या खोलीत बसलीयेस?"

"हो," आई म्हणाली.

त्याच्या कानाची पाळी गरम झाली. फोन खराब असेल. तार. कुठेतरी काहीतरी. "आई, मी कोण बोलतोय?"

"हो, हो. अगदी."

समोरच्या टेबलावर कुणीतरी हसलं, दुसऱ्याच कशाला तरी. त्याला वाटलं, थांबावं, पुढे विचारू नये; न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर निदान आपल्या बाजूचं असू शकतं. पण तोंड पुढे गेलं होतं.

"आई, मी नोकरी सोडली. आज. कायमची."

"हो. छान," आई म्हणाली, त्याच आवाजात, त्या गार खोलीतल्या आवाजात, आणि मग तिच्या हिशेबाने वेळ झाली म्हणून तिनेच विचारलं, "बरं, ठेवू?"

त्याने फोन कानाशीच धरून ठेवला. पलीकडून नुसती खरखर येत होती, आणि खरखरीत एक श्वास. केव्हापासून? त्याला एकेक आठवायला लागलं, आणि प्रत्येक आठवण उलटी होऊन समोर येत होती. पहिल्या घंटीला उचलणं. अलीकडे भेटायला गेलं की आईचं अखंड बोलणं, पाणीसुद्धा मागता येऊ नये असं. बायको म्हणाली होती, आई आताशा फार बोलतात नाही, आणि तो म्हणाला होता, एकटी असते, साठतं. विचारायला फटच ठेवायची नाही, म्हणून बोलत होती ती. ज्या कानांवर अख्खं खातं चालायचं त्यांनी साथ सोडली, हे ती कुणाला सांगणार होती? मुलाला? मुलगा रोज फोन करी, चार प्रश्न विचारी, चार होकार घेई आणि त्या वेळात पडदा सरकवी. तिला ऐकू येत नव्हतं, तो ऐकत नव्हता. इतकी निर्वेध जोडणी साऱ्या शहरात दुसरी नसेल. पूर्ण वेग. तयार.

त्याने दुसरं पत्र पाठवलं. घाईत एका शब्दात दोनदा मोकळी जागा पडली. ती चाळणीला दिसली, आणि तिने ती राहू दिली. साहेबांना त्याने घरी जरा काम आहे एवढंच कळवलं. त्यांनी लगेच उलट विचारलं की यादीवरचं पत्र तुमचंच आहे ना, की कुणी तुमच्या नावाने पाठवलंय. तो म्हणाला, माझंच आहे, आणि हे म्हणताना त्याला बऱ्याच काळानंतर आपल्या वाक्याचा अर्थ ऐकू आला.

आईकडच्या बसला गर्दी नव्हती. खिडकीतून शहर जात होतं. त्याने ते पाहायचा प्रयत्न केला: एक चष्म्यांचं दुकान, एक बंद पडलेलं कारंजं, फाटकाशी भांडणारी दोन माणसं. काही पोचत होतं, काही नाही. मनात दुसरंच चाललं होतं. ती रस्ता कसा ओलांडत असेल. गॅसवर काही उकळून सांडलं तर. दार वाजवलं तर. आणि फोन, फोन वाजलेला तिला कसा कळतो?

तिसऱ्या मजल्यावर त्याने घंटा दाबली. घंटा वाजली, त्याला दारातून ऐकू आली, आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबली. मग त्याला आठवलं की स्वयंपाकघराची खिडकी गच्चीच्या जिन्याकडे उघडते, आणि तो अर्धा जिना चढून तिथून आत डोकावला. आई टेबलाशी बसली होती, पाठ ताठ, रांगेत बसल्यासारखी. समोर फोन पालथा ठेवलेला, आणि त्यावर तिचा तळहात पसरलेला. आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. घंटा कानाने नव्हे, हाताने घ्यायची युक्ती. आजचा फोन होऊन गेला होता तरी हात तिथेच होता.

त्याने खिडकीच्या उजेडात हात हलवला. सावली टेबलावरून फिरली तशी तिने मान वळवली, दचकली, आणि दार उघडतानाच बोलू लागली: आज कसा काय, ऊन केवढं, तोंड उतरलंय, सुट्टी आहे का, बस तरी, खालच्या बाईंचा पाइप फुटलाय तर सगळ्या जिन्यात पाणी, बस की. तो बसला. ती पुन्हा टेबलाशी बसली, हात सवयीने फोनवर गेला; ती बोलतच होती, आणि बोलताना त्याच्या ओठांकडे पाहत होती, हे तो प्रथमच पाहत होता. त्याने खुर्ची उजेडाकडे वळवली, तोंड तिला नीट दिसेल अशी. तिचा फोनवरचा हात उचलून आपल्या हातात घेतला. ती बोलायची थांबली.

"आई," तो हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तुला ऐकू येतं का?"

तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. सवयीचा 'हो' तिच्या तोंडाशी आलेला त्याला दिसला. ओठ त्यासाठी गोल झाले, आणि तसेच राहिले. त्याच्या खिशात त्याचा फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. यादीवर माणसं जमू लागली असावीत. त्याने खिशाला हात लावला नाही. पलीकडच्या खोलीतल्या घड्याळाचा आवाज एकट्या त्याला ऐकू येत होता. त्याने प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला नाही, तिच्या वतीने उत्तर दिलं नाही. नुसता थांबला.

"नाही," आई म्हणाली.